पाचवं रीळ

पिंपरीतल्या एका थिएटरच्या ऑपरेटरने मला फसवलं, आणि त्याच्या जोरावर मी माझ्या बायकोला एकवीस वर्षं खोटं पाडलं.

तेव्हा मी भोसरीत एका कंपनीत लेथवर होतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपारी बाराचा खेळ ठरलेला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असायचं आणि आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखा गार अंधार. आमच्या कपड्यांना ऑइलचा वास, डोक्यावर घरघरणारे पंखे, आणि त्या सगळ्यावरून पडद्याकडे जाणारा धुळीचा उजेड. तीन वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरून कंपनीची बस सुटायची. खेळ मात्र तीनच्या ठोक्याला संपायचा. कितीही मोठा सिनेमा असो, बस कधी चुकली नाही. वेळेचं इतकं पक्कं थिएटर दुसरं नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

बसमध्ये कोणी बोलत नसे. प्रत्येकाच्या डोळ्यांत अजून तो उजेड हलत असायचा. मशिनवर उभा राहिलो की फिरणाऱ्या लोखंडी जॉबवर कूलंटचं दुधी पाणी पडायचं आणि सिनेमा त्या पाण्यात पुढे चालू व्हायचा. संध्याकाळच्या चहापर्यंत मी अर्धा तिकडेच असायचो.

त्यातला एक सिनेमा मी अकरा वेळा पाहिला. भांडण करून एक माणूस घर सोडतो. शहरात जातो, कमावतो, सगळं घालवतो आणि केस पांढरे झाल्यावर परत येतो. बायको दार उघडते. एक शब्द बोलत नाही. त्याच्या हातातली पिशवी घेते आणि आत जाते. संपलं. तिने इतक्या सहज त्याला घरात कसं घेतलं, हा प्रश्न मला अकरापैकी एकदाही पडला नाही. बायको अशीच असते, असं वाटायचं.

लग्न झालं आणि दोन महिन्यांनी तोच सिनेमा परत लागला. बायको बीडकडची, नवखी. तिला घेऊन गेलो, तेही दुपारच्या खेळाला, कारण सहाच्या खेळाचं तिकीट महाग आणि मी पहिल्यापासून भाव पाडून घेणारा. अंधारात तिच्या कानाशी लागून पुढे काय होणार ते आधीच सांगत होतो. ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

बाहेर आल्यावर उन्हात डोळे बारीक करून ती म्हणाली, "अहो, ते नदीवरचं कुठं गेलं?"

"कुठली नदी?"

"ती त्याचा शर्ट धुती की. धुतलेलाच शर्ट परत धुती, खडकावर वाळत घालती, अन् त्याच्याजवळ बसून राहती. निळा शर्ट. आमच्या जत्रंत तंबू आला होता, तिथं बघितलाय मी, आईसंगं. त्या टायमाला आई मला म्हणली..."

"असलं काही नाहीये त्यात. अकरा वेळा बघितलाय मी."

"आहे की ओ."

मला उलट ऐकून घ्यायची सवय नव्हती, तेव्हाही नाही. बस समोरच उभी होती. मी पायरीवर चढलो आणि आत ओरडून विचारलं, "काय रे, या पिक्चरमध्ये बाई नदीवर शर्ट धुते असा सीन आहे का?"

सगळे दुपारच्याच खेळाचे प्रेक्षक.

"नाही राव!"

"वहिनी, तो दुसरा असंल पिक्चर."

"वहिनींनी झोपेत काढला, भावा! डायरेक्टर त्याच!"

बसभर हशा उसळला. तिने पदर पुढे ओढला आणि रिक्षा स्टँडकडे चालू लागली. तिची आई काय म्हणाली होती, ते वाक्य तिथंच राहिलं.

त्यानंतर 'नदीवरचा शर्ट' हे माझ्या हातातलं हत्यार झालं. पंचमीला माहेरी न्यायचं मी कबूल केलं होतं, असं ती म्हणाली की मी म्हणायचो, "झालं, नदीवरचा शर्ट!" किल्ली मीच कपाटावर ठेवली होती म्हणाली, तरी नदीवरचा शर्ट. मुलगी बोलायला लागल्यावर तीही शिकली. सिनेमा दोनदा टीव्हीवर लागला. जाहिरातींना जागा करायला तिथेही तेवढाच भाग गाळलेला असणार, कारण नदी आली नाही. मी टाळ्या वाजवल्या. मोबाइलवर शोधावं असं कधी वाटलं नाही. जिंकलेल्या डावाचे पत्ते कोण परत उघडून बघतो?

तिची आई गेली तेव्हा दहावं करून आम्ही गाडीने परत येत होतो. शिक्रापूरच्या पुढे ती हळूच म्हणाली, "आईनं एकदा मला तंबूत..." वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "नदीवरचा शर्ट का?" चाकणपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. कंटेनरच्या रांगा होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. ती नदी माझ्या स्वप्नात यायची. बायकोने रस्त्यावर उभं राहून सांगितलेल्या चार वाक्यांतून माझ्या झोपेत एक आख्खा काठ तयार झाला होता. धुकं, काळा खडक आणि त्यावर दोन्ही बाह्या पसरून पडलेला निळा शर्ट. काठावर बसलेला मी आहे की खडकावर पसरलेला मी आहे, ते कळायचं नाही. जाग आली की ती शेजारी असायची, आणि मी काही बोलायचो नाही.

यंदा तो सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला. जुने सिनेमे परत लावायची आता टूम आहे. मुलीने आमची तिकिटं काढून दिली, रावेतजवळच्या मल्टिप्लेक्सची, रविवारी दुपारची. मी आता जुन्या मशिनी घेतो-विकतो. सवयीने पॉपकॉर्नच्या काउंटरवरही घासाघीस केली. तिथला पोरगा हसून म्हणाला, "सर, हा भाव कॉम्प्युटरमध्ये आहे." बायको म्हणाली, "चला हो."

पाय लांब करून बसायच्या खुर्च्या होत्या. हॉलमध्ये आम्ही धरून दहा-बारा माणसं. मध्यंतर झालं. हिरो शहरात पाय ठेवतो, आणि पुढे काय येतं ते मला पाठ होतं. तो एका ट्रकवर चढतो.

ट्रक आलाच नाही. पडद्यावर धुकं आलं.

धुक्यातून ती बाई उतरत आली. हातात घडी केलेला शर्ट. तिने तो पाण्यात सोडला, हळूहळू चोळला, पिळला, खडकावर पसरला. बाह्या नीट केल्या, झोपलेल्या माणसाचे हात सरळ करावेत तशा. आणि शेजारी बसली. संगीत नाही, बोलणं नाही. शर्ट वाळेपर्यंत ऊन त्या खडकावरून सरकत गेलं. मी माझ्याच झोपेत जागा होतो.

मग कानशिलं तापली. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "शर्ट पांढरा आहे. तू निळा म्हणायचीस."

"निळा माझ्या वडलांचा होता," ती म्हणाली. नजर पडद्यावरच.

तिचे वडील ट्रक चालवायचे, वर्षातून दोनदा घरी यायचे, हे मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या.

"आई काय म्हणाली होती गं?"

"बघू द्या."

शेवटी त्या बाईने पिशवी हातात घेतली तेव्हा ती मला वेगळीच बाई वाटली.

चार दिवसांत मी ऑपरेटरला शोधून काढलं. थिएटर कधीच पाडलंय. तो इथल्याच जुन्या गावातला. आता चिखलीत मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसतो.

"दुपारच्या खेळाला एक रीळ कमी लावायचात का तुम्ही?" पिक्चरचं नाव सांगून मी उभ्या उभ्या विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "पिक्चर मोठा असला की मधलं एक डब्यातच ठेवायचो. तुमी म्हंता त्याचं पाचवं. सहाला आन् नवाला पुरा लावायचो."

"कोणाला विचारून?"

"तुमच्याचसाठी की. पुरा लावला तर तीनलाच निम्मं थिएटर उठायचं बस धरायला. खुर्च्या आपटायच्या, शेवट कुनालाच न्हाई दिसायचा. मंग आमी मधलं काढलं. त्यात हुतं काय? एक बाई कापडं धुती. कुनी बोलत न्हाई, कुनी मरत न्हाई."

मी आवाज चढवला. दुकानातून मुलगा बाहेर आला. म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "तू काय धंदा करतो, भावा?"

"जुन्या मशिनी."

"घेताना सगळे पार्ट हायत का मोजतो न्हवं? मंग स्वस्तातलं तिकीट घेताना का न्हाई मोजलं? आन् घरातलं मानूस सांगत हुतं, एक पार्ट न्हाई म्हनून, तवा काय केलं?"

मी तिथून निघालो. बायकोचं मी त्याला रागाच्या भरात सांगून बसलो होतो.

घरी येऊन तिच्यासमोर बसलो. आयुष्यात सगळ्यात नरमाईने केलेला सौदा तो. पंचमीला गावी नेतो म्हणालो. मुलीसमोर कबूल करतो म्हणालो. फक्त तुझी आई त्या तंबूत काय म्हणाली ते सांग.

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "सांगितलं असतं हो. पण आता नीट आठवत नाही. तुम्ही नाही नाही म्हणत राहिलात. मग मलाच वाटायला लागलं, खरंच झोपेत बघितलं असेल. आई बोलली तेही झोपेतच असेल. असं करता करता पुसलं." आणि काड्या बाजूला सारून पुढची जुडी सोडली.

रीळ डब्यात होतं. संध्याकाळी पुन्हा लागायचं. तिच्या आईचं वाक्य कुठल्या डब्यात आहे? ऑपरेटरला मी सोडणार नाही, पण त्याच्याआधी बसच्या पायरीवर चढून चारचौघांना ओरडून विचारणारा तो माणूस माझ्यासमोर आणा. माझ्याच चेहऱ्याचा आहे. त्याने मला सांगावं, आत्ता, भाव न करता: ती आई आपल्या लेकीला काय म्हणाली?