नऊ तर नऊ

गिनी हातात घेतली की चाचा आधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडायचे, शर्टाच्या बाहीनं तिच्यावरचा इंग्लंडच्या राणीचा चेहरा पुसायचे आणि गिऱ्हाइकाऐवजी माझ्याकडे बघून म्हणायचे, "हिचा पोरगा बघ. थांबलाय ना अजून?"

बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत तुम्ही कधी सोनं घ्यायला गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. रत्नागिरीकडचे, उंच, जरासे वाकलेले, दाढीला मेंदी. सोन्याच्या गिन्यांवरचे इंग्लंडचे सगळे राजे-राण्या त्यांच्या ताब्यात होते, आणि बिलिंगच्या खुर्चीत अडकलेली मी, वसईची, त्यांची हक्काची श्रोती. गिऱ्हाईक वजन विचारायचं, चाचा त्याला राजाचं लग्न सांगायचे.

पण त्यांचा जीव गादीवर बसलेल्यांवर नव्हता, खोळंबलेल्यांवर होता. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा एडवर्ड सगळ्यात लाडका. आईचं राज्य काही संपेना, आणि हा साठीला टेकला तेव्हा कुठे राजा झाला.

चाचा स्वतःही खोळंबलेलेच होते. बायको गावाला. तिला फॅमिली व्हिसावर आणायचं तर पगार तेवढा हवा, आणि शेठ दरवेळी म्हणायचे, "इंशाल्ला, पुढच्या वर्षी." तरुणपणी आलेल्या माणसाचे केस पिकले तरी ते वर्ष येईना. मधूनमधून सुट्टीवर जायचे आणि पाहुण्यासारखे राहून यायचे. मला शेठचा राग यायचा, आणि गप्प बसणाऱ्या चाचांचा त्याहून जास्त.

एकदा मी चिडून म्हटलं, "तुमचा तो एडवर्ड जन्मभर थांबला आणि राज्य केलं नऊ वर्षं. काय मिळालं त्याला?"

"नऊ तर नऊ," चाचा म्हणाले. "नऊ वर्षं काय कमी असतात गो?"

गिनीवरची राणी गेल्याची आणि तिचा पोरगा राजा झाल्याची बातमी आली तेव्हा दुकानात कुणीतरी ओरडलं, "चाचा, आता तुमचा नंबर!" चाचांनी आधी राणीसाठी मान खाली घातली, मग हसले. आणि खरंच, थोड्याच दिवसांत शेठच्या मुलानं कारभार हाती घेतला आणि पगार वाढवला. व्हिसा झाला. चाचांनी हमद टाउनला दोन खोल्या घेतल्या, खोबरं खवायला विळी मागवली, पडद्यांचा रंग मला विचारून ठरवला. इतका खूश माणूस मी त्या गल्लीत दुसरा पाहिला नाही.

चाची आल्या. लहानशा, शांत. एका शुक्रवारी मी भेटायला गेले, तर चाचा बाहेरच्या खोलीत टीव्ही न लावता सोफ्याच्या कडेला टेकलेले. आत चाचींनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "बाय, हे जेवायला काय खातात गो? सुट्टीवर यायचे तेव्हा आम्ही रोज कोंबडी नायतर बिर्याणी करायचो. रोजचं काय खातात, ते मला माहीत नाय."

मी सांगितलं, डाळभात आणि सुका जवळा. सांगताना मला रडू आवरेना.

ते दोघं कधी भांडले नाहीत. भांडायलासुद्धा ओळख लागते. चाची दिवसभर खिडकीत बसायच्या आणि संध्याकाळी चाचा आले की डोक्यावरचा पदर सावरून उभ्या राहायच्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्या गावाला परत गेल्या. व्हिसा पुन्हा कुणी काढला नाही.

त्याच सुमारास दुकानात नव्या राजाच्या गिन्या आल्या. चाचांनी एक उचलली. वाफ सोडली नाही, बाहीही लावली नाही.

"त्या दिवशी आत चाची तुला काय विचारत होती?"

"तुम्ही काय खाता ते."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यांनी राजाचा चेहरा खाली करून गिनी तळहातावर ठेवली. मग म्हणाले, "तिचं कोणी मला विचारलं असतं ना पोरी, तर मलाही सांगता आलं नसतं."

गिनी त्यांनी काचेखाली ठेवली. पुढच्या हिवाळ्यात चाचा वारले, इथल्याच कबरस्तानात गेले. तोवर कुठल्या राजाचं नाव मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.