दमाची पारख

"याच्यात दम नाही बे!" कुणी बिडी पुढे केली की मुन्शीजी ती कानाशी धरून बोटांत फिरवत, हुंगत आणि हा निकाल देत. बुलढाण्याच्या कोर्टात ते एका बड्या वकिलाचे मुन्शी होते, मी शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट. डोणगावकडचे पक्षकार तर आधी त्यांना बिडी दाखवत, मग वकिलाला कागद. असा एक तरी माणूस तुम्हीही पाहिला असेल.

पण आता नुसतं हुंगणं. त्यांची छाती पार खराब झाली होती. एक झुरकासुद्धा जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बिडी सुटली, पारख सुटली नाही.

त्या वकीलसाहेबांच्या जावयाने अमेरिकेहून सिगारची पेटी पाठवली. सिगार बोटाहून जाड, काळपट, तेलकट. पट्टीवर निकाराग्वा देशाचं नाव. साहेबांनी कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांदेखत एक पुढे केली.

मुन्शीजींनी हुंगली. "माल कडक हाय, साहेब. मांगून चामड्याचा वास येते."

"हुंगून काय कळतं? ओढा!"

"साहेब, त्यांना डॉक्टरांनी मना केलंय," मी म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काडी ओढली.

मुन्शीजींना साहेबांपुढे नाही म्हणता येत नव्हतं, त्याचाही मला संताप येतो. त्यांनी बिडीसारखाच छातीभर झुरका घेतला आणि गिळला. खोकता खोकता टोपी पडली. वकील मंडळी टेबलं बडवून हसली. मग साहेब म्हणाले, "अहो, सिगारचा धूर गिळतात का? तोंडात घोळवून सोडायचा!" म्हणजे माहीत होतं. आधी सांगितलं असतं तर गंमत गेली असती ना!

मुन्शीजींनी पाणी पिऊन, डोळे पुसून इमानाने निकाल दिला. "आधी मिऱ्याचा ठसका, मंग काकवीवानी गोडी. साहेब, याच्यात दम हाय."

बाहेर आल्यावर मलाच म्हणाले, "तुले काऊन राग येऊन राह्यला बे? साहेबानं मानानं देल्ली."

मानानं! त्यांची छाती जी भरली ती उतरलीच नाही. आठवड्याच्या आत ते गेले.

शोकसभा त्याच बाररूममध्ये झाली. साहेब घसा खाकरून म्हणाले, "माणसात दम होता."

मी उठलो. "होता ना, साहेब. धूर गिळू नका, एवढं आधी सांगितलं असतं तर अजून असता."

या वेळी कुणी हसलं नाही.