एका युरोची तीट

माझी सख्खी भाची हरेल यावर मी एक युरो लावला, आणि तो संपूर्णपणे कायदेशीर होता.

कायदेशीर हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नाशिकच्या मंडळींना पैज म्हटली की टपरीमागची चिठ्ठी आणि पोलिसांना बघून पळणारी माणसंच आठवतात. इथे जर्मनीत तसं काही नाही. इथे ‘वेटब्यूरो’ नावाचं पैजांचं रीतसर दुकान असतं. त्याला परवाना असतो, आत शिरताना ओळखपत्र दाखवावं लागतं आणि भिंतीवर ‘व्यसन लागलंय का? आमच्याशी बोला!’ अशी पाटी असते. (मला बोलायचंच होतं. कोणाशीही. व्यसनाची अट तेवढी आड आली.)

मी त्सुफेनहाउझेनला राहतो, गाड्यांच्या कारखान्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एकटा. वय एकोणपन्नास. लग्न राहून गेलं. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ असं मी लागोपाठ बावीस सुट्ट्या म्हणालो, मग विचारणारेच थकले. ऑफिसात मी गाडीतल्या ‘पट्टा लावा’ म्हणून ओरडणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतो तो सीटबेल्ट. समोरच्या फ्राउ श्मिट, म्हणजे श्मिटबाई, एक आठवड्याआड बोलतात. आमच्याकडे जिना झाडूनपुसून घ्यायची पाळी असते, तिची पाटी माझ्या दाराला अडकवताना त्या म्हणतात, "कोपरे!" बस, एवढंच. मी त्या ‘कोपरे’ची वाट बघतो, खोटं कशाला बोलू?

आणि मग असतो रविवार. रविवारी दुपारी दोन वाजता मुक्ताचा फोन येतो.

मुक्ता ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिरंदाज आहे. उगीच हौशी नाही हं, देशाकडून खेळणारी! तिचं पहिलं धनुष्य मीच इथून नेलं होतं. रबरी टोकाचे बाण होते. पहिलाच बाण भाऊजींच्या टकलाला चिकटला आणि तो काढायला साबणाचं पाणी लागलं. तेव्हाच मी म्हटलं होतं, पोरीचा नेम आहे! तेव्हापासून ती मला मानते आणि भाऊजी मानत नाहीत. तर, सराव संपला की ती मैदानाच्या पायरीवर बसून मला फोन करते. अकरा मिनिटं, कधी बारा. माझं आठवड्याचं सगळं मराठी त्या अकरा मिनिटांत बोलून होतं. मी विषय साठवतो. फ्रिजवर चक्क यादी असते: ‘१. फ्राउ श्मिटचं मांजर. २. कढी फाटली. ३. ट्राममध्ये एक माणूस हसला (माझ्याकडे बघून?).’

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. ‘मुक्ता जिंकणार’ असं मी आजवर तीनदा म्हणालो, आणि तिन्ही वेळा पोरगी पहिल्याच फेरीत घरी आली. चौथ्या वेळी माझं तोंड उघडायच्या आत ताई फोनवर किंचाळली, "श्री, गप्प बस! तुझी दृष्ट लागते!" घरच्यांच्या लेखी हे आता शास्त्र आहे.

त्या शनिवारी मुक्ताची उपांत्य फेरी होती, समोर एक कोरियन मुलगी. माझं इंटरनेट गुरुवारपासून बंद. दुरुस्तीवाला येणार होता सोमवार ते शुक्रवार कधीतरी, आठ ते सहाच्या मध्ये. मोबाइलवर बघावं, तर बाण सुटायचा आणि लक्ष्यावर पोचायच्या आधी ते गोल चाक फिरत बसायचं. कासावीस होऊन मी बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच्या वेटब्यूरोच्या काचेवर यादी: फुटबॉल, टेनिस, डार्ट्स आणि सगळ्यात खाली तिरंदाजी!

मी आत शिरलो. काउंटरवरच्या बाईंचं नाव फ्राउ बेकर.

"तो शेवटचा स्क्रीन तिरंदाजीला लावता का?"

"कोणी पैज लावली असेल तर लावते. नाहीतर फुटबॉल."

"मग मी लावतो. एक युरो."

"आल्झो, बरं मग, कोणावर?"

इथे मी अडकलो. मुक्तावर लावावा, तर चौथ्यांदा दृष्ट. न लावावा, तर फुटबॉल! आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली. (ती चमकली की मी घरी जाऊन झोपावं, हा नियम मी अजून पाळत नाही.) बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण काय करतो? चांगल्या गोऱ्या गालावर काळा ठिपका लावतो! म्हणजे मुद्दाम थोडं वाईट करून ठेवायचं. मग मुक्ताविरुद्ध एक युरो लावला की झाली तीट!

"कोरियावर," मी म्हणालो.

पाच फेऱ्या झाल्या आणि बरोबरी. मग दोघींना एकेकच बाण, जिचा मध्याच्या जास्त जवळ ती जिंकली. कोरियन मुलीचा दहात. मुक्ताने श्वास घेतला, मी सोडलाच नाही, आणि तिचा बाण त्याच्याहून आत, अगदी बरोब्बर मधोमध! मी खुर्चीवर चढलो. "हरलो! हरलो!" असं जर्मनमध्ये ओरडत मी शेजारच्या दोन अनोळखी आजोबांना मिठ्या मारल्या. फ्राउ बेकर काउंटरमागून आल्या, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि व्यसनमुक्तीचं एक माहितीपत्रक दिलं. हरल्यावर आनंद होणारं गिऱ्हाईक त्यांच्या प्रशिक्षणात बहुधा व्यसनाच्या शेवटच्या पायरीवर होतं. खरं सांगू? कित्येक महिन्यांत कोणी माझा हात धरला नव्हता. मी पत्रक नीट घडी करून खिशात ठेवलं.

आणि त्या आनंदात मी स्क्रीनवरच्या मुक्ताचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

ताईने बत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेत. कोणताही फोटो आला की ती आधी मोठा करून कोपरे बघते. (तिचं आणि फ्राउ श्मिटचं जमलं असतं.) कोपऱ्यात टेबल होतं आणि टेबलावर माझी चिठ्ठी.

"श्री, हे खाली काय आहे?"

"कुठे काय?"

"कोरियन मुलीचं नाव आहे. पुढे एक युरो लिहिलंय."

भाऊजींनी टकलाचा इतक्या वर्षांचा हिशेब चुकता केला: "सख्खा मामा!"

मी घाईघाईने फोन लावला. "अगं ताई, ती तीट होती!"

"तीट गालाला लावतात मेल्या, काउंटरवर नाही!"

इथवर ठीक होतं. आमच्याकडे दर दिवाळीला कोणीतरी कोणाशी तरी बोलत नाही, त्याची सवय आहे. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता मुक्ताचा फोन आला आणि तिचा आवाज बसलेला होता.

"मामा, माझा खांदा दुखतोय, हे मी मागच्या रविवारी फक्त तुला सांगितलं होतं."

"हो ना, शेकलास का?"

"आणि शनिवारी तू माझ्याविरुद्ध पैसे लावलेस."

मी फ्रिजवरची यादी काढून हातात घेतली.

"खेळाडूने दुखण्याखुपण्याची आतली माहिती पैज लावणाऱ्याला द्यायची नसते, मामा. आमचा वर्ग घेतात त्याचा. सही केलीय मी. कोणी तक्रार केली तर निवडीतून नाव जाईल माझं. आमचे कोच पवार सर म्हणाले, चिठ्ठीचं मिटेपर्यंत मामांशी बोलू नकोस."

"मुक्ता, अगं, यादीत मांजराचं—"

फोन बंद झाला होता. एक मिनिट चाळीस सेकंद.

पुढचा रविवार आला. दोन वाजले, सव्वादोन झाले. जर्मनीतला रविवार तुम्हाला माहीत नसेल: दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायला बंदी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा हळू भुंकतं. मी फोन दोनदा बंद करून चालू केला, बिघडला असेल म्हणून. मग फ्रिजसमोर उभा राहून यादी मोठ्याने वाचली. फ्रिजने घर्रर्र केलं, ते मी हुंकार धरून चाललो. दुसऱ्या रविवारी यादीचा दुसरा कागद लावला. तिसऱ्या रविवारी जेवलोच नाही. पोरीचं नाव माझ्यामुळे जाणार, हाच घोर!

बावीस वर्षं इथे काढलेला माणूस अशा वेळी काय करतो? तो स्वतःच स्वतःविरुद्ध अर्ज करतो! कोणीही तक्रार केलेली नसताना (कोणी करणारही नव्हतं, हे मला नंतर कळलं) मी तिरंदाजीच्या सचोटी समितीला चार पानी कबुलीजबाब धाडला. जोडपत्र एक: चिठ्ठी. जोडपत्र दोन: फ्राउ बेकर यांची साक्ष, ‘सदर गृहस्थ हरल्यावर रडले, हसले व खुर्चीवर चढले.’ जोडपत्र तीन: मुक्ता, वय सहा महिने, गालावर बटाट्याएवढी तीट. शिवाय प्रामाणिकपणा दिसावा म्हणून मी स्वतःवर पैजबंदीही घालून घेतली. इथे तशी सोय आहे, एक फॉर्म भरला की देशातल्या एकाही वेटब्यूरोत तुम्हाला पाऊल टाकता येत नाही. म्हणजे माझा हात धरणाऱ्या एकमेव बाईंचं दारही मी स्वतःच्या सहीने बंद केलं.

समितीने व्हिडिओवर सुनावणी लावली. तीन गंभीर चेहरे, पवार सर आणि उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मुक्ता. पाच आठवड्यांनी दिसत होती. वाळली होती थोडी.

अध्यक्षबाईंनी इंग्रजीत विचारलं, "भाचीने तुम्हाला खांद्याबद्दल सांगितलं होतं?"

"हो."

"त्यानंतर तुम्ही तिच्या विरोधात पैज लावलीत?"

"हो."

"कशासाठी?"

"ती जिंकावी म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "ती जिंकावी म्हणून तुम्ही ती हरण्यावर पैसे लावलेत?"

"गेनाऊ!" मी म्हणालो, म्हणजे ‘अगदी बरोबर!’ घाबरलो की मी कुठल्याही भाषेत जर्मन बोलतो.

"आणि जोडपत्र तीनमधल्या बाळाला काही त्वचारोग आहे का?"

छोट्या चौकटीत मुक्ताने तोंडावर हात घेतला. खांदे हलत होते तिचे. दुखरासुद्धा! मी तीट समजावली. काजळाचं साहित्य, ठिपक्याची जागा, सगळं. तिघांनीही लिहून घेतलं.

"आणखी काही सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "तुम्हाला तीन मिनिटं आहेत."

तीन मिनिटं! आणि मुक्ता समोर! माझ्याच्याने राहवलं नाही. फ्रिजवरचे पाचही कागद मी काढून आणले आणि मराठीत सुरू झालो. "मुक्ता, फ्राउ श्मिटचं मांजर हरवलं होतं ते सापडलं, आपल्याच तळघरात होतं. कढी मी आता बेसन आधी कालवून करतो, फाटत नाही. इंटरनेट आलं. दुरुस्तीवाला माझ्याकडे चहा प्यायला, दोन कप! बर्फ पडला होता गं एक दिवस, तुला आवडतो म्हणून फोटो काढलाय. आणि रविवारी मी दोन वाजता फोनपाशीच असतो, तू केला नाहीस तरी असतो."

समितीने पवार सरांकडे पाहिलं. सरांनी घसा खाकरला. "ते म्हणतायत," सर इंग्रजीत म्हणाले, "की मांजर सुखरूप आहे." मग पुढे म्हणाले, "आणि त्यांना भाचीची आठवण येते."

मुक्ता आता हसत नव्हती. ओढणीने डोळे पुसत होती.

निकाल आठवड्याने आला. गैरप्रकार नाही, मुक्ताचं नाव जागच्या जागी. फक्त एक सूचना: यापुढे खेळाडूने मामांशी दुखापत, सराव, सामना यांपैकी कशावरही बोलू नये. रविवारी दोन वाजता फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"मामा, माझ्याबद्दल काहीच बोलायचं नाहीये. तुझ्याबद्दल बोल."

माझ्याबद्दल! साठवलेलं सगळं समितीपुढे संपलेलं. मी चार मिनिटांत आटोपलो, त्यातलं एक मिनिट हवामान होतं. फोन ठेवल्यावर इतकी लाज वाटली! एकोणपन्नास वर्षांचं आयुष्य आणि विषय चार मिनिटांचे.

मग मी कंबर कसली. पुढच्या पाळीला जिना पुसताना माझी भरलेली बादली तिसऱ्या मजल्यावरून थेट तळमजल्यापर्यंत गडगडत गेली. दारं उघडली. ज्यांची नावं मी आजवर फक्त टपालपेटीवर वाचली होती, ती सगळी माणसं पायजम्यात फडकी घेऊन बाहेर आली. फ्राउ श्मिट माझ्याशी सलग चाळीस मिनिटं बोलल्या. (बरं काही बोलल्या नाहीत, पण बोलल्या!) वर त्यांनीच केकही खाऊ घातला.

त्या रविवारी आमचा फोन सव्वीस मिनिटं चालला. मुक्ता हसून हसून पायरीवर आडवी झाली आणि मग एकदम थांबून म्हणाली, "मामा, खरं सांग. बादली तू मुद्दाम पाडलीस ना?"

मी फ्राउ श्मिटच्या केकचा विषय काढला. आतली माहिती बाहेर द्यायची नसते.