हा प्लग काढू नये

माणूस जातो, त्याचं कार्य मागे राहतं. भीमराव तायडेच्या शोकसभेत हे वाक्य सात जणांनी म्हटलं. आठवा मी होतो, मीही म्हटलं.

तायडे आमच्या अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी इतिहास. तो गेला तेव्हा मी अकोल्याला पुतणीच्या लग्नात होतो. शीलावहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." इकडे बँड वाजत होता, म्हणून त्यांना ते दोनदा सांगावं लागलं...

वीस वर्षं हा माणूस मेळघाटात सांबरांच्या ताज्या लेंड्या गोळा करत हिंडला. जनावर घाबरलं की त्याच्या अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि त्याची खूण दुसऱ्या दिवशी लेंडीत सापडते. मग सरळ रक्तच का तपासत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "काहून पकडाचं त्याले, मास्तर? पकडून इचारलं का तुले टेन्शन हाये काय, त पकडल्याचंच टेन्शन येते." माझ्या तीस वर्षांच्या तोंडी परीक्षांवर एवढी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही.

सफारीच्या गाड्यांना सांबरं घाबरतात, पाणवठ्याजवळचं गेट मागे हटवा, असं तो व्याघ्रप्रकल्पाच्या समितीला सांगत असे. समिती पुरावा मागत असे. मग एका पुरात त्या वाटेवरचा पूल वाहून गेला आणि एक आख्खा हंगाम गाड्या बंद राहिल्या. सगळे हळहळले, तायडे तेवढा खूश. गाड्या असतानाच्या लेंड्या त्याच्याकडे होत्याच, आता गाड्या नसतानाच्याही मिळाल्या. यंदा पूल पुन्हा उभा राहिला, म्हणजे असा हंगाम परत येणार नव्हता. सगळा पुरावा पाकिटांत घालून, तारखा टाकून प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये ठेवलेला होता. बाहेरगावी तपासणीसाठी नंबर लागायचा होता. तोवर पाकिटं वितळता कामा नयेत. वितळली की जिवाणू ते संप्रेरक खाऊन टाकतात. म्हणून प्लगवर त्यानं चिठ्ठी चिकटवली होती : "हा प्लग काढू नये. अडचण असल्यास फोन करावा." खाली त्याचा नंबर.

अकोल्याला जाण्याआधी मी त्याला दवाखान्यात भेटलो. नाकात नळी होती. म्हणाला, "माह्याकडे नका पाहू, मास्तर. तिकडं फ्रीजर पाहा."

पाहतो म्हणालो...

शोकसभा चौथ्या दिवशी, शनिवारी, त्याच्याच प्रयोगशाळेत झाली. प्राचार्यांना त्यात औचित्य वाटलं. एका वक्त्यानं त्याला वाघांचा सखा म्हटलं. सांबरांच्या दृष्टीनं हे जरा जास्तच झालं. मी फ्रीजरकडे पाठ करून बारा मिनिटं बोललो. खोलीत एवढी शांतता होती की मला वाटलं, आपलं बोलणं लोकांच्या काळजाला भिडलं. फ्रीजरची घरघर बंद होती, एवढंच.

सोमवारी वास आला. त्या भिंतीला सॉकेट एकच होतं; माइकसाठी फ्रीजरचा प्लग काढला होता, नंतर परत कोणी लावला नाही. माइकवाल्याला बोलावून विचारलं, चिठ्ठी वाचली नाही का? "वाचली न जी," तो म्हणाला. "नंबर बी लावला होता. स्विच ऑफ येऊन राह्यला होता."

चिठ्ठीत सांगितलेलं त्यानं केलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

तेराव्या दिवशी शीलावहिनींनी विचारलं, "पाठवली का जी ती पाकिटं?" मी हो म्हणालो. हा लेख त्या वाचतीलच, म्हणून इथं खरं लिहितो.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. चिठ्ठी अजून तिथंच आहे. फ्रीजर धुऊन पुन्हा सुरू केला आहे. उन्हाळा लागल्यामुळे सध्या त्यात स्टाफच्या पाण्याच्या बाटल्या असतात. आता प्लग कोणी काढत नाही.