‘बेस हाय’वर विश्वास न ठेवणाऱ्या सुलोचनाताई

ताई माझ्या पिशवीची तळाची शिवण उसवत होत्या. ब्लेड सावकाश चालत होतं.

कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात. तिच्याऐवजी गळ्यात अडकवायची ही पिशवी मी तयार केली होती. पुसदला ताईंच्या कारखान्यात शेतकामाच्या वस्तू शिवल्या जात. तिथे मला तिसरा महिना होता. पिशवी चालली तर मी कायम, नाहीतर घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड कापायला घ्यायचं होतं.

“बाया काय म्हणाल्या?”

“सगळ्याच म्हणाल्या, बेस हाय.” मी भरून आणलेले कागद पुढे केले. महागावजवळच्या एका शेतात नमुन्याच्या पिशव्या आठ दिवस वापरायला दिल्या होत्या.

ताईंनी कागद पाहिले नाहीत. उसवलेला कोपरा टेबलावर झटकला.

“कापूस भरला असता तर वाळल्या पत्तीचा चुरा निघाला असता. हे काय आहे?”

भाकरीचा चुरा होता. दुसऱ्या पिशवीतही तोच.

सुलोचनाताईंशी माझी खरी ओळख त्या सकाळी झाली. त्या वेळी वाटलं ते लिहितो: या बाई मला काढायला निमित्त शोधत आहेत.

तासाभरात आम्ही एसटीत होतो. शेतावर पोचताच मालकांनी खाट टाकली, चहा सांगितला. नमुने दिल्यावर आठ दिवसांनी मीही याच खाटेवर बसून, मालकांसमोर, एकेका बाईला बोलावून विचारलं होतं. ताई बसल्या नाहीत. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांनी ओटी बांधली आणि बायांच्या शेजारची ओळ धरली. एकही प्रश्न विचारला नाही. त्या माझ्याविरुद्ध काय गोळा करतात ते ऐकायला मी मागोमाग चालत राहिलो.

बराच वेळ नुसता कापूस वेचला गेला. मग शेजारच्या शेवंताबाई हसल्या.

“ताई, तुमच्या ओटीत पत्तीच जास्त दिसून राह्यली. मालक घेईन का असा कापूस?”

“हात विसरले गं. आणि ती पिशवी? तिनं काम सोपं होत नाही?”

“कायचं सोपं! वाकलं का तोंड मिटते. एका हातानं उघडा, एका हातानं टाका. दोन्ही हातानं येचाव कवा? अन् पट्टा मानेले कापते.”

“मग ह्याला सांगितलं काहून नाही?”

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “पाहुणा खाटीवर बसला, मालक बाजूले उभा. नाव ठेवाव का पाहुण्याच्या वस्तूले? भाकरीले बेस हाय, तेच सांगतलं.”

बाया खूप हसल्या. ताईही.

परतताना माझा संशय दुसरीकडे वळला. ताई आता शेवंताबाईंचं म्हणणं स्वतःची युक्ती म्हणून खपवतील, असं वाटलं. कारखान्यात फसलेल्या नमुन्यांचं एक कपाट आहे. तिथे ताईंनी माझ्या पिशवीला चिठ्ठी बांधली: ‘शेवंताबाईंनी सांगितलं. वेचताना. आधी खाटेवर बसून विचारलं होतं, ती चूक कारखान्याची.’ माझं नाव त्यात नव्हतं. त्या कपाटातल्या प्रत्येक वस्तूवर अशीच चिठ्ठी आहे: कोणी सांगितलं, काय करताना सांगितलं. नवीन माणसाला ताई आधी ते कपाट वाचायला लावतात.

स्तुतीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचं कळल्यावर त्यांनी मला फोन करून विचारलं, “काय बिघडलंय?” त्यांच्या गुडघ्यांना अजून पुष्कळ ओळी धरता याव्यात, डोळ्यांना शिवणीतला चुरा दिसत राहावा आणि आमच्या ‘चांगलं आहे’वर त्यांनी शंभरीपर्यंत शंका घ्यावी, एवढंच मागतो.

त्या पिशवीचं राहिलेलं सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड कापलं नाही. ताईंच्या बोलावण्यावरून शेवंताबाई पहिल्या एसटीने आल्या, आम्ही रात्री बदललेली पिशवी कमरेला बांधून वाकल्या आणि म्हणाल्या, “नाही जमली.” ताईंनी मला घरी पाठवलं नाही; नव्या आखणीसाठी दुसरा कागद घ्यायला सांगितलं.