पाण्याचा कॅन

कॉलेजचं दुसरं वर्ष संपलं आणि मला मुलांच्या उन्हाळी शिबिरात ताई म्हणून काम मिळालं. शिबिर नाशिककडच्या डोंगरात. मुलांना उठवायचं, जेवू घालायचं, खेळवायचं, रडकं पोर उगी करायचं. शिबिराच्या मॅडमनी फोनवर बजावलं, "पाठीवरच्या एका बॅगेत मावेल तेवढंच सामान आणा. वर गाडी येत नाही. ज्याचं ओझं त्यानंच उचलायचं."

असलं काही सांगितलं की मला लई हुरूप येतो. मी खाटेवर सगळं मांडलं. ड्रेस, बूट, टॉर्च, शिट्टी, डोकेदुखीच्या गोळ्या, पातळ चादर. बॅग भरली, पाठीवर टाकून अंगणात चक्कर मारली. एकदम झकास! तेवढ्यात आई तेलाचा पाच लिटरचा कॅन घेऊन आली. धुतलेला, तोंडापर्यंत पाण्यानं भरलेला आणि वरून बारदाना शिवलेला. शेतात नेताना पाणी गार राहावं म्हणून आमच्याकडं असाच ओला बारदाना लावतात.

"हे ठेव बॅगात."

"आई, मी काय खुरपायला चाललेय का?"

"उन्हाळा हाय. डोंगरावर पाणी कुठून येतं?"

"तिथं तळं आहे गं!"

"उन्हाळ्यात?" मला कुणीतरी बराबर गंडवलंय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "आपल्या तलावात बकऱ्या चरून राह्यल्यात. आन डोंगरावर तळं म्हणं!"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तर पप्पांनी मला बाहेर बोलावलं. पप्पा साखर कारखान्यात हंगामी कामाला, हंगाम संपला म्हणून घरीच होते. "तिला काही बोलू नको," एवढंच म्हणाले. का, ते मला ठाऊक होतं. आईची धाकटी बहीण अशाच एका उन्हाळ्यात घागर घेऊन लांबच्या विहिरीवर गेल्ती. पाय घसरला. ती परत आलीच नाही. माझ्याच वयाची होती. तेव्हापासून आईनं मला कधी पाण्याला धाडलं नाही, टँकर आला तरी हंडे तीच भरायची. जिथं पाणी शोधत फिरावं लागेल तिथं ती मला पाठवणार नव्हती. कॅन नाही तर शिबिर नाही, सरळ हिशेब.

मंग काय! चादर बाहेर काढली आणि कॅन आत कोंबला.

वडीगोद्रीपर्यंत जीप होती, तिथून एसटी. सोडायला आलेल्या पप्पांनी हायवेवर जयभीम केला, आई मात्र बॅगेकडंच बघत होती. बारदाना रस्ताभर झिरपला, बॅगेतले ड्रेस ओलेगच्च. डोंगराच्या चढणीला तो कॅन पाठीत असा रुतायला लागला की मी मनातल्या मनात आईला नाही नाही ते बोलून घेतलं. धापा टाकत वर पोचले तर समोर तळं. भरलेलं. वरच्या अंगाला एक झरा, तो पाईपनं थेट स्वयंपाकघरात आणलेला. खरं सांगते, एवढं पाणी बघून मला आधी रागच आला.

मी कॅन बाहेर काढला, तशा मॅडम आणि बाकीचे ताई-दादा पोट धरून हसायला लागले. "अगं, तळ्यावर पाणी घेऊन आलीस?"

"हसताय काय? आमच्याकडचं आहे. पिऊन बघा!" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

एका चिमुरडीनं खरंच घोट घेतला आणि लगेच थुंकला. "ताई, खारट आहे!"

आमच्या बोअरचं पाणी खारट आहे हे मला त्या दिवशी कळलं. ओतून टाक, असं सगळेच म्हणाले. पण पाणी ओतायला माझा हात होईना. संपेपर्यंत मी तेच प्यायले. आणि चादर नव्हती म्हणून पहाटे कुडकुडले, ते वेगळंच.

आईचा फोन रोज यायचा. "पाणी मिळतं ना गं?"

"तळं भरलंय आई."

"हां, तू म्हणशीलच."

पप्पांच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. त्यावर तिचं म्हणणं, "व्हिडिओत काहीबी दाखवत्यात." महिनाभर तिचा जीव टांगणीलाच होता.

शिबिर संपलं तेव्हा मी झऱ्यावर कॅन घासूनपुसून भरला आणि पाठीवर घालून डोंगर उतरले. घरी आई दारातच उभी होती. कॅन उचलून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "भरलेलाच आणलास? पिली न्हाईस व्हय?"

"तुझं पाणी कधीच संपलं. हे तिथलं आहे."

तिनं पेल्यात ओतलं. घोट कितीतरी वेळ तोंडात धरला.

"फिकं हाय," ती म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून तिथंच उंबऱ्यात बसली. मी तिच्याजवळ बसले. मलाही रडू आलं.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिराचं पुन्हा बोलावणं आलं. मी खाटेवर सामान मांडलं. आई कॅन घेऊन आली, तशी मी चादर बाजूला काढली. या खेपेला भांडायचंच नाही, असं ठरवलं होतं. तिनं ती चादर घडी घालून परत बॅगेत ठेवली आणि कॅन बॅगेच्या पट्ट्याला बाहेरून लटकवला. त्यात पाणी नव्हतं.

"रिकामाच?"

"तिथं हाय की पाणी. येताना भरून आण," ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावली. "जा तू बिनघोर."