रे रोडची पांढरी भिंत

त्या पांढऱ्या भिंतीचं प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा मी गोदीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातले बहुतेक अजून याच भागात राहतात.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या रांगेत एक रिकामं गोदाम काही चित्रकारांनी मिळून घेतलं होतं. तिथे ते प्रदर्शनं भरवत. पगारी माणूस एकही नाही. नोकऱ्या सांभाळून, आळीपाळीने येऊन तेच झाडू मारत, दिवे लावत, आलेल्यांना चहा देत. चावी शेजारच्या वखारीत खिळ्याला टांगलेली असे. ज्याला यायचं त्याने ती घ्यावी.

एका सोमवारी दुपारी त्यांच्यातली एक चित्रकार ठाण्यात आली. गोदामाच्या लांब भिंतीवर तिने थेट कोळशाने कॉटन ग्रीनच्या हमालांची चित्रं काढली होती. कित्येक आठवडे त्यात गेले होते. ती भिंत सकाळी कुणीतरी रंगवून पांढरी केली होती.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"संशय कसला सर? तो सांगून गेला होता."

आदल्या दिवशी माझगावचा एक फिटर प्रदर्शन बघायला आला होता. भिंतीवर त्याला स्वतःचे वारलेले वडील दिसले. फुटपाथवर आडवे, उशाशी बाटली. तो सगळ्यांसमोर ओरडला होता, "माझ्या बापाला इथे झोपवायच्या आधी घरी येऊन विचारलंत का? उद्याच्या उद्या पांढरी करतो ही भिंत!"

आणि दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी.

संध्याकाळी माझा एक खबरी आला. "साहेब, तुमच्या गिऱ्हाईकाने कालच पांढऱ्या रंगाचा डबा नेलाय. ब्रशसकट." गल्लीतला कॅमेरा बंद होता. माझगाव आणि रे रोड इतके जवळ, की मोबाईलच्या टॉवरवरून काही ठरेना. मंगळवारी सकाळी चित्रकारांचं पत्रक निघालं. 'कलेवर हल्ला' असा मथळा, खाली फिटरचं नाव आणि त्याच्या चाळीचंही. लालबाग, परळपर्यंत ते भिंतींवर लागलं आणि फोनवर तर सगळीकडे फिरलं. दुपारी मला वरून विचारणा झाली, "अजून अटक का नाही?"

फिटरला बोलावून घेतलं. तिशी ओलांडलेला, आडव्या अंगाचा माणूस. नखांत रंग.

"डबा घेतलास?"

"घेतला."

"कशाला?"

"आईची खोली रंगवायला. मी जहाजावर चाललोय साहेब. परत यायला वर्ष जाईल. म्हटलं जाण्याआधी तेवढं करून जाऊ."

"सोमवारी सकाळी कुठे होतास?"

"खोलीतच, रंगवत होतो. आईने बघितलंय."

आमचे हवालदार हसले. "आईच्या जबाबावर सोडायला लागलो तर लॉकअप भाड्याने द्यावं लागेल रे."

"धमकी दिली होतीस ना?" मी विचारलं.

"दिली. परत देईन. बापाने आयुष्यभर गोण्या वाहिल्या, त्यांना त्यातली बाटलीच दिसली. पण भिंतीला मी हात लावलेला नाही."

त्याच्या जहाजाच्या नोकरीसाठी लागणाऱ्या पोलीस दाखल्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडून होता. गुन्हा दाखल झाला की दाखला नाही, आणि दाखला नाही की जहाज नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. खोटं बोलणारा माणूस आधी धमकी नाकारतो, असा माझा अनुभव. पण माझा अनुभव हा पुरावा नव्हे. मी हवालदारांना म्हटलं, "चला, दोन्ही भिंती बघून येऊ."

आधी त्याची खोली बघितली. तसं रंगकाम मी क्वचितच पाहिलं असेल. लादीवर थेंब, विजेच्या बोर्डावर फराटा, भिंतीवरचं कॅलेंडर न काढता त्याच्या भोवतीने ब्रश फिरवलेला. त्याची आई म्हणाली, "मी सांगतेय त्याला, पेंटर बोलव. ऐकतो कुठे!"

मग गोदामात गेलो. भिंतीवरची खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून घासलेली. बोर्डाच्या कडेला चिकटपट्टी लावून रंग दिलेला, त्यामुळे रेघ सरळ. खाली एक थेंब नाही. रागाने भिंत पुसायला आलेला माणूस पुट्टी भरत बसत नाही. हे काम करणाऱ्याला भिंत नासवायची नव्हती, तयार करायची होती.

चित्रकार सगळे जमले होते. मी विचारलं, "एरवी ही भिंत कोण रंगवतं?"

"पुढचं प्रदर्शन ज्याचं, तो," भिंतीवरच्या चित्रांची चित्रकार म्हणाली. "मागचं संपलं की दुसऱ्या सकाळी येऊन रंगवायची. कुणाला विचारायचं नाही. रीतच आहे आमची."

"हे प्रदर्शन कधी संपणार होतं?"

"रविवारी. पण तो माणूस ओरडून गेला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की आता आठवडाभर जास्त ठेवायचं. घाबरायचं नाही."

"सगळ्यांनी?"

"म्हणजे... जे होतो त्यांनी."

"जे नव्हते त्यांना कुणी कळवलं?"

ते एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने कळवलं असेल.

"पुढचं प्रदर्शन कुणाचं?"

मागे उभा असलेला, छापचित्रं करणारा त्यांचा एक साथी खाली बसला. "माझं," तो म्हणाला. "मी रविवारी नव्हतो. सोमवारी सकाळी रंगवून ऑफिसला गेलो. दुपारी कळलं तेव्हा ही रडत होती, आणि सगळे त्याचं नाव घेत होते. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी मलाच पत्रक लिहायला सांगितलं."

"आणि तू लिहिलंस?" ती चित्रकार म्हणाली. त्याने होकारार्थी मान हलवली. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सर, माझी तक्रार मी मागे घेते. आणि दुसरं पत्रक मी लिहिते. मी त्याला आधी विचारलं नव्हतं, हेही त्यात लिहिणार."

फिटरला दाखला मिळाला आणि तो जहाजावर गेला. दुसरं पत्रक पहिल्याच्या जागी लागलं, पण फोनवरून फिरलं नाही. काही दिवसांनी त्याची आई ठाण्यात आली. "साहेब, चाळीत पहिलं पत्रक सगळ्यांनी वाचलं. दुसरं कुणी वाचत नाही. नळावर मला बघून बायका गप्प होतात."

गुन्हा शाबीत कसा करायचा, याचं प्रशिक्षण आम्हाला मिळतं. निर्दोष माणसाचं नाव त्याला परत कसं द्यायचं, हे कुणी शिकवत नाही. आरोप करणारे, मग ते कितीही भल्या हेतूचे असोत, तेही ते शिकलेले नसतात. संशय चारचौघांत घेतला असेल, तर तो चारचौघांतच मागे घेतला पाहिजे. कागदावर मोकळा झालेला माणूस लोकांत मोकळा होतोच असं नाही. हे मला फिटरच्या आईने शिकवलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी वर्दी घालून त्या चाळीत गेलो आणि खाली अंगणात उभं राहून दुसरं पत्रक मोठ्याने वाचलं. दारं उघडली, माणसं कठड्याशी आली. वाचून झाल्यावर वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "साहेब, इथे नीट ऐकू नाही आलं."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्याचं नाव आलं तेव्हा आवाज आणखी चढवला.